आल्प्स ते सेनियो : एकटीचा रस्ता

म्युनिकहून दक्षिणेला निघालं की रस्त्याच्या कडेला फुलांची शेतं लागतात. कुंपण नाही, राखणदार नाही. बांधावर एक पाटी, पाटीवर फुलांचे भाव, खाली साखळीला अडकवलेला सुरा आणि खांबाला घट्ट बसवलेली पैशांची लोखंडी पेटी. ज्याला हवी त्याने उतरावं, फुलं कापावी, मोजावी, पैसे पेटीत टाकावे आणि जावं. बव्हेरियात हे इतकं नेहमीचं आहे की तिथल्या माणसांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. मी मात्र गाडी बाजूला घेऊन बराच वेळ तिथे उभी राहिले. सायकलवरून एक आजी आल्या. निवांतपणे चार फुलं कापली, एक देठाशी किडलेलं निघालं ते बांधावर ठेवलं, पेटीत नाणी टाकली, मला ‘ग्र्यूस गॉट’ म्हणाल्या आणि गेल्या. मी कोण, कुठची, इथे का थांबले, काही विचारलं नाही.

त्या मुलखाची रीत मला तिथे पहिल्यांदा दिसली. तुझं तू कर, तुझ्यावर भरवसा आहे. अडलं तर विचार, पण तू विचारल्याशिवाय कुणी मधे येणार नाही.

आमच्या साताऱ्याकडे नेमकं उलट. वाई-पाचगणीच्या रस्त्यावर बाईने मोटरसायकल कडेला उभी केली की दोन मिनिटांत कुणीतरी थांबतं. “काय झालं ताई? पेट्रोल संपलं का?” दुसरा येतो, तो टायरला लाथ मारून बघतो. तिसरा विचारतो, “एकट्याच निघालात?” मदत न मागता येते आणि चौकशी तिच्या मागोमाग येते. या दोन रीतींपैकी एकीत वाढलेलं माणूस दुसरीत एकटं फिरायला गेलं की काय होतं, ते मला या प्रवासाने दाखवलं.

गाडी म्युनिकमध्ये भाड्याने घेतली होती. साडेसातशे सीसीची, दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या. घरी मी हिमालयन मोटरसायकल चालवते, त्यामुळे वजनाचं काही वाटलं नाही. सवय करायची होती ती उजव्या बाजूने चालवण्याची. रहदारीत हे सोपं जातं, पुढच्या गाडीच्या मागे राहिलं की निभावतं. कठीण असतो तो सकाळचा रिकामा रस्ता. पंपातून बाहेर पडताना मागेपुढे कुणी नसलं की हात आपसूक डावीकडे वळू बघतो. म्हणून मी पहिल्याच दिवशी उजव्या आरशाच्या दांडीला लाल दोरा बांधला. नजर आरशाकडे गेली की दोरा दिसे, आणि बाजू लक्षात येई.

जर्मनीत पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क असतो. त्यामुळे मोठ्या रस्त्यावरून चाललेली आलिशान मोटार बोळातून निघालेल्या सायकलसाठी थांबते. सायकलवाला मान तुकवत नाही की हात दाखवत नाही, हक्काने पुढे जातो. आपल्याकडे ज्याची गाडी मोठी त्याची वाट आधी, हा न लिहिलेला कायदा. इथे गाडीच्या आकाराला किंमत नाही. जन्मभर ट्रकच्या कडेने अंग चोरून दुचाकी चालवलेल्या माणसाला याचं किती सुख वाटतं, ते दुचाकीवाल्यालाच कळेल.

समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक मोटरसायकलस्वार डावा हात हँडलवरून खाली सोडून दोन बोटं दाखवतो. लडाख-स्पितीच्या रस्त्यांवर आपल्याकडेही ही चाल आहे. हेल्मेटच्या आतला माणूस तरुण आहे की म्हातारा, बाई की पुरुष, कुठल्या रंगाचा, काही दिसत नाही. गाडी दोन चाकांवर आहे एवढी ओळख त्याला पुरते. दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही तरी या खुणांमुळे मला परकेपणा फार जाणवला नाही.

ऑस्ट्रियात शिरले तो रविवार होता. रविवारी दुकानं बंद म्हणजे पक्की बंद. किराणा नाही, भाजी नाही, मॉल नाही. सकाळी उघडलेली बेकरीसुद्धा दुपारपर्यंत दार लावून घेते. आपल्याकडे दुकान बंद असलं तरी मागच्या दाराने हाक मारता येते, दुकानदार बनियनवर येऊन साखरेची पुडी देतो. इथे दुकानदारही त्या दिवशी डोंगरात फिरायला गेलेला असतो, आणि आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनीच थांबायचं हे गिऱ्हाइकांनाही मान्य आहे.

ग्रोसग्लॉकनरच्या पायथ्याला फुश नावाचं गाव आहे. तिथल्या एका खाणावळीत पोचले तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. स्वयंपाकघर बंद. सामानात खायला काही उरलं नव्हतं आणि पुढे घाट. पाटी वाचून मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत मालकीणबाई टेबलं पुसत होत्या. त्यांनी मला पाहिलं होतं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. माझ्या मनातली पहिली प्रतिक्रिया रागाची होती: दारात उपाशी माणूस बसलंय आणि यांना काही नाही! मग आत गेले आणि सरळ विचारलं, मांस नसलेलं काही मिळेल का? बाईंचा चेहरा लगेच बदलला. “केझश्पेत्सले चालेल?” म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघराच्या दारातच उभं केलं. कणीक सैल, पळीवाढी. भोकाच्या जाड पत्र्यावर ती घालून वरचा डबा पुढे-मागे सरकवायचा. थेंब थेंब कणीक उकळत्या पाण्यात पडते आणि क्षणात वर तरंगते. झाऱ्याने ती काढून लोखंडी तव्यात किसलेल्या चीजबरोबर परतली, वर लाल होईपर्यंत तळलेला कांदा. तवाच उचलून टेबलावर ठेवला. पैसे नेहमीचेच घेतले. निघताना मी आभार मानले तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही बाहेर निवांत बसला होतात. मला वाटलं, एकांत हवा असेल.”

मी रस्ताभर हे वाक्य घोळवत राहिले. जे मला कोरडेपण वाटलं होतं, ते त्यांच्या लेखी अदब होतं. समोरच्याला काय हवं ते आपण ठरवायचं नाही, अशी ती अदब. आपल्याकडची माया समोरच्याचं मन ओळखायला धावते आणि बहुतेकदा ओळखतेही. पण एकटं राहायचं असलेल्याला ती एकटं राहू देत नाही, हेही खरं.

ग्रोसग्लॉकनरचा रस्ता १९३५ साली खुला झाला. फ्रान्झ वालाक नावाच्या इंजिनियरने तो आखला. मंदीच्या काळात हजारो बेकार हातांना या रस्त्याने काम दिलं. ४८ किलोमीटरचा हा रस्ता ऑस्ट्रियाच्या सर्वांत उंच डोंगराच्या, ३,७९८ मीटरच्या ग्रोसग्लॉकनरच्या, अंगाखांद्यावरून जातो. टोल भरून वर जायचं. हिवाळ्यात रस्ता बंद, रात्रीही बंद. वळणं इतकी विचारपूर्वक आखलेली आहेत की गाडी आपण होऊन वळते. आंबेनळी घाटात वळणाच्या पोटात रस्ता अचानक खाली जातो आणि पोटात गोळा येतो, तसं इथे एकदाही झालं नाही.

हवेवर मात्र कुणाचं चालत नाही. फुशर ट्योर्लला, म्हणजे २,४२८ मीटरवर, पोचले आणि ढग खाली उतरला. जूनच्या अखेरीला गारा. हातमोजे भिजून बोटं आखडली, ब्रेकची दांडी हाताला कळेना. धुकं असं की स्वतःच्या गाडीचं पुढचं चाक अंधुक. वाहनतळावर एका मोठ्या गाडीवर नवराबायको होते, दोघंही सत्तरीच्या आसपास. या वेळी मी वाट पाहिली नाही. जवळ जाऊन विचारलं, तुमच्या मागच्या दिव्याच्या मागोमाग आले तर चालेल? आजोबांनी मागचा धुक्याचा दिवा लावून दाखवला, किती अंतर ठेवायचं ते हाताने सांगितलं आणि निघाले. मागे बसलेल्या आजी प्रत्येक वळणाआधी हात बाहेर काढून बाजू दाखवत होत्या. होखटोरचा बोगदा ओलांडला आणि पलीकडे लख्ख ऊन. दोघांनी हात हलवला आणि ते पुढे गेले. नावगाव विचारलं नाही, चहाला थांबूया म्हणाले नाहीत. काम पूर्ण झालं होतं.

दक्षिणेच्या उतारावर पास्टेर्झ हिमनदी दिसते. ऑस्ट्रियातली ही सर्वांत मोठी हिमनदी. १८५६ साली सम्राट फ्रान्झ योझेफ इथे आले होते, त्यांच्या नावाची माची रस्त्याच्या टोकाला आहे. तिथून पाहिलं तर बर्फ खूप खोल आणि मागे गेलेला दिसतो, पुढे करडा दगड आणि वितळलेल्या पाण्याचं तळं. खाली जाणाऱ्या पायवाटेवर बर्फ कोणत्या साली कुठपर्यंत होता, त्या खुणा लावल्या आहेत. सालं वाचत आपण उतरत राहतो आणि बर्फ काही हाती लागत नाही. पेट्रोल जाळत तिथवर गेलेल्या मला त्या खुणा टोचल्या. त्या टोचणीचं उत्तर माझ्यापाशी नाही, पण डोळेझाक करून पुढे जाण्यासारखी ती जागा नव्हे.

स्लोव्हेनियात उतरलं की घरं लहान होतात, अंगणात लाकडाच्या मोळ्या आणि रंगीत मधमाशांच्या पेट्या दिसू लागतात. क्रान्स्का गोराहून व्हर्शिच खिंडीचा घाट चढतो. १,६११ मीटर उंची, पन्नास वळणं. प्रत्येक वळणावर क्रमांक आणि उंची लिहिलेली. उत्तरेकडची वळणं दगडी फरशीची आहेत, पाऊस पडला की त्यांवरून चाक सरकतं. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांनी बांधला. मार्च १९१६ मध्ये हिमकडा कोसळून त्यातले शेकडो गाडले गेले. वाचलेल्या सोबत्यांनी त्यांच्यासाठी लाकडाचं छोटं प्रार्थनाघर उभारलं, ते आजही घाटात आहे. मी गाडी खाली लावून पायऱ्या चढून गेले. तिथे बोरघाटाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आपला तो लोहमार्ग खोदतानाही हजारो मजूर दगावले. घाटाची वाट दाखवणाऱ्या शिंगरोबा धनगराचं देऊळ तिथे आहे, ड्रायव्हर अजून त्याला नाणं वाहतात. डोंगर फोडून केलेला रस्ता फुकट मिळत नाही, हे दोन्ही मुलखांतल्या माणसांनी आपापल्या परीने लक्षात ठेवलं आहे.

खिंड उतरून त्रेन्ताच्या दरीत आले आणि मागचं चाक डुलायला लागलं. पंक्चर. टायर ट्यूबलेस. जवळ पट्ट्या आणि सुई होती, पण हवा भरायचा छोटा पंप सुरू झाला आणि दोन मिनिटांत धूर सोडून बंद पडला. रस्त्यावर गाड्या येत-जात होत्या. वेग कमी करून माणसं बघत आणि मी हात दाखवत नाही असं पाहून पुढे जात. मी समोरच्या घराची घंटा वाजवली. दार उघडणारे गृहस्थ मधमाशा पाळणारे होते, अंगावर पांढरा झगा, जाळी डोक्यावर मागे टाकलेली. भाषा दोघांची जुळेना. मी चाक दाखवलं, तोंडाने हवेचा आवाज काढला. ते आत गेले आणि कोठारातून काँप्रेसर ओढत घेऊन आले.

मग काम सुरू झालं. भांडी घासायच्या साबणाचं पाणी टायरवर शिंपडलं, बुडबुडे कुठे येतात ते पाहिलं. वळणावरच्या बारीक खड्यांत कुठेतरी खिळ्याचा तुकडा आत घुसला होता. पक्कडीने तो ओढला. मी सुईने भोक साफ केलं, पट्टी ओवली, गोंद लावला, जोर करून आत ढकलली. त्यांनी माझा हात बाजूला केला नाही. मला जमतंय म्हटल्यावर नुसतं चाक घट्ट धरून ठेवलं. उरलेलं रबर ब्लेडने कापलं. हवा भरली, पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा पाहिलं. मला वाटलं झालं. त्यांनी खुणेने थांबवलं, घड्याळावर पंधरा मिनिटं दाखवली आणि पाणी आणायला गेले. पंधरा मिनिटांनी दाब पुन्हा मोजला. काटा जिथे होता तिथेच होता. तेव्हा कुठे त्यांनी काँप्रेसरची वायर गुंडाळली. पैसे घेईनात. मी मधाची बाटली विकत मागितली. ती मात्र त्यांनी भावाप्रमाणे पैसे घेऊन दिली, सुटे पैसेही मोजून परत केले. मग पहिल्यांदाच एक प्रश्न विचारला, आज मुक्काम कुठे? कोबारिद म्हटल्यावर तिथल्या एका घरी फोन करून माझी रात्रीची सोय लावून दिली.

त्रेन्ताहून कोबारिदपर्यंत सोचा नदी बरोबर असते. पाण्याचा रंग असा हिरवा की फोटोत पाहिला असता तर विश्वास बसला नसता. चुनखडीच्या डोंगरांतून येणारं निवळशंख पाणी. याच नदीच्या काठाने १९१५ ते १९१७ या काळात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे सैनिक लाखांनी मेले. कोबारिदच्या छोट्या संग्रहालयात तोफा आणि विजयाच्या गोष्टी कमी, सैनिकांचे चेहरे, जखमा, पत्रं जास्त आहेत. बाहेर आले तर नदीवर पोरं उड्या मारत होती. रात्री चौकात एकटीने जेवले. वाढणाऱ्या मुलीने आणखी एक खुर्ची हवी का, असं विचारलं नाही. एकट्या बाईचं जेवणाचं टेबल तिथे कुणाच्या नजरेत भरत नाही. साताऱ्यात मी एकटी हॉटेलात बसले तर वेटर आधी ‘फॅमिली’च्या खोलीकडे बोट दाखवतो. या बाबतीत आपण बदलायला हवं, असं मला त्या रात्री फार वाटलं.

पुढे इटलीचं मैदान. डोंगरातली थंडी संपली आणि उन्हाने हेल्मेट तापलं. रस्ते सपाट, दोन्ही बाजूंना मका, द्राक्षं, पीचच्या बागा. दुपारी एक ते तीन गावंच्या गावं खिडक्यांच्या झडपा ओढून झोपतात. फाएन्झाच्या अलीकडे पेट्रोलपंपावर थांबले. माणूस नाही, यंत्र. आधी पैसे, मग पेट्रोल. यंत्राने माझं कार्ड नाकारलं. नोटा घातल्या, त्याही बाहेर आल्या. ग्लॉकनरवरच्या पावसात भिजून त्या मऊ पडल्या होत्या. टाकीत जेमतेम थेंब.

एक आजोबा जुन्या स्कूटरवर आले. मी विचारणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं! माझ्या हातातल्या नोटा घेतल्या, मांडीवर इस्त्रीसारख्या तळहाताने दाबल्या, पुन्हा घालून पाहिल्या. यंत्र ऐकेना. तोवर समोरच्या घरातून एक बाई आल्या, पलीकडच्या गॅरेजातून एक पोरगा. आजोबांनी मुलीला फोन लावला, इंग्रजी येणारी ती मुलगी मला फोनवरून विचारू लागली, कुठून आलीस, एकटी आहेस का, आई काळजी करत नाही का. मला सातारा-वाई रस्ता आठवला आणि इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. अखेरीस आजोबांनी स्वतःच्या कडक नोटा यंत्रात घातल्या, माझ्या मऊ नोटा खिशात ठेवल्या आणि मला पुढच्या वळणावरच्या टपरीवर जेवायला पाठवलं. युरोप म्हणजे एकच रीत नव्हे, हे आल्प्स उतरल्यावर असं कळतं.

त्या टपरीवर पियादिना मिळते, रोमान्या भागातली रोजची भाकर. गव्हाच्या पिठाचा गोल उंडा लाटून तापल्या तव्यावर टाकतात, फुगे येऊन काळे ठिपके पडले की उलटतात. आपली भाकरी थापणाऱ्या बाईचा हात आणि त्या बाईचा हात यांत मला फरक दिसला नाही. पारंपरिक पियादिनाच्या पिठात डुकराची चरबी असते, हे ठाऊक होतं म्हणून आधी विचारलं. बाईंनी काही न बोलता ऑलिव्ह तेलाच्या पिठाचा दुसरा डबा पुढे ओढला. आत मऊ पांढरं चीज आणि कडसर रुकोलाची पानं. पोटभर खाल्लं.

मी या बाजूला वळले ते मात्र सेनियो नदीसाठी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला सगळे अपशिंगे मिलिटरी म्हणतात. घराघरातून माणूस सैन्यात. त्या भागात वाढलेल्या मुलीच्या कानावर दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीच्या लढाईच्या गोष्टी आजोबांच्या पिढीकडून आलेल्या असतात. ९ एप्रिल १९४५ रोजी या सेनियोच्या काठी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनने हल्ला चढवला. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले तेवीस वर्षांचे शिपाई नामदेव जाधव आपल्या दोन जखमी सोबत्यांना, एकेकाला पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे घेऊन आले. मग पुन्हा पुढे जाऊन शत्रूची मशीनगनची ठाणी एकामागून एक शांत केली. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबाँब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या तुकड्यांना हात करून पुढे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने ठाणं घेतलं आणि तिथेच प्राण सोडला. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्यांनी माणगावात त्यांचा पुतळा पाहिला असेल. इटलीत मोंतोने गावानेही २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघडीच्या रूपात.

सेनियो पाहून प्रथम नवल वाटतं. नदी अरुंद, आपल्या वेण्णेएवढी. पण दोन्ही काठांना पुराचे मातीचे बांध उभेच्या उभे. बांध चढताना मोटरसायकलचे बूट गवतावरून घसरत होते. पाठीवर माणूस घेऊन, वरून गोळ्या येत असताना हा चढ चढायचा म्हणजे काय, ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. खाली पीचच्या बागेत एक शेतकरी फांद्यांना आधाराच्या काठ्या लावत होता. मी भारतातून आले हे कळल्यावर त्याने दक्षिणेकडे बोट करून एवढंच म्हटलं, “फोर्ली.”

फोर्लीत भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे. हिंदू आणि शीख सैनिकांना अग्नी दिला होता, त्यांच्यासाठी तिथे वेगळं स्मारक आहे. भिंतीतल्या छोट्या कप्प्यात नावांची वही आणि भेट देणाऱ्यांसाठी दुसरी वही. हिरवळ नुकती कापलेली, गुलाब फुललेले, दार नुसतं लोटलेलं. आत कुणी नव्हतं. मी नावं वाचत गेले. मोठ्याने वाचली, कारण त्या नावांचे उच्चार नीट करणारं माणूस तिथे रोज येत नसणार.

परतीचा रस्ता ब्रेनर खिंडीतून. म्युनिकच्या अलीकडे महामार्गावर वाहनांची रांग लागली आणि सगळं थांबलं. थांबताक्षणी एक गोष्ट घडली. डाव्या रांगेतल्या गाड्या डावीकडे सरकल्या, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे रिकामी गल्ली तयार झाली, नजर पोचेल तिथपर्यंत. कुठे पोलीस नाही, कर्णा नाही. रुग्णवाहिका येवो न येवो, वाट आधीच मोकळी. त्या गल्लीतून दुचाकी नेणंही गुन्हा. उन्हात तापत उभी राहिले, पण पाच मिनिटांनी रुग्णवाहिका वेग कमी न करता त्या वाटेने गेली तेव्हा त्या उन्हाचं काही वाटलं नाही. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर भोंगा वाजवत अडकलेल्या रुग्णवाहिकेच्या मागे मी कितीदा उभी राहिले आहे. गर्दीत आपण माणसं मायेची. पण रस्त्यावरची माया अशी आधीच करून ठेवावी लागते.

रांग हलली आणि माझी गाडी सुरू होईना. बॅटरी उतरली होती. हात वर केला. शेजारच्या मोटारीतला बाप लगेच उतरला, दोघांनी गाडी कडेला ढकलली, त्याने मला कठड्याच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं आणि आपल्या पोरांकडे परत गेला. मग एडीएसीची पिवळी गाडी आली. ही जर्मनीतली मोटारवाल्यांची भली मोठी संघटना १९०३ साली मोटरसायकलवाल्यांनीच सुरू केली होती, हे त्या मदतनीसाने मला तारा जोडता जोडता अभिमानाने सांगितलं. गाडी सुरू झाली, तरी तो निघाला नाही. चार्जिंग होतंय का ते मोजलं, आकडा कागदावर लिहून दिला आणि मी रस्त्याला लागेपर्यंत मागचे दिवे लावून उभा राहिला.

घरी आल्यापासून मला बायका-मुली एकच प्रश्न विचारतात: एकटीने भीती नाही वाटली? वाटली, धुक्यात वाटली. पण माणसांची वाटली नाही. मला जे अडलं ते सगळं अडणारच होतं: पाऊस, खिळा, बंद दुकान, रुसलेलं यंत्र. त्यातलं प्रत्येक सुटलं, कुणीतरी हातातलं काम बाजूला ठेवून शेवटपर्यंत सोडवलं. फक्त आल्प्समध्ये आणि त्यांच्या उत्तरेला आधी तोंड उघडावं लागलं. आपण न मागता मिळण्याच्या सवयीत वाढतो, त्यामुळे मागणं म्हणजे कमीपणा वाटतो आणि कुणी विचारलं नाही की मन दुखावतं. दोन्ही मनातून काढून टाका. कागदपत्रं नीट करा, गाडी तपासून घ्या, पंक्चर काढायला शिका आणि निघा. अडलं तर घंटा वाजवा, स्पष्ट शब्दांत विचारा. आणि परत आल्यावर आपल्या रस्त्यावर कुणी परकं माणूस गाडी लावून उभं दिसलं, तर थांबायची आपली जुनी सवय मात्र सोडू नका.